शेनगुरुजींचा दगड आणि मोकळ्या शेळ्या

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. या तळ्याची शपथ. आता तळं तेव्हापासून किती सरकलंय, आणि शेळीचा भाग मागाहून कोणी घुसडला का, ते मला विचारू नका. ऐकलं तसं सांगतो.

काका, त्या दगडावर बसू नका, तो लिहायचा आहे. चीनमधल्या या गावात माणसं रोज सकाळी इथे येतात, कुंचला तळ्यात बुडवतात आणि या काळ्या दगडावर पाण्यानं अक्षरं काढतात. ऊन आलं की अक्षरं उडून जातात. लिहिताना कुंचला सैल धरायचा आणि मागे वळून बघायचं नाही, एवढाच नियम. आणि त्या शेळ्या दिसतायत ना? अख्ख्या गावात एकाही शेळीला दावं नाही. ताई, ओढणी सांभाळा.

हे सगळं शेनगुरुजींमुळे, असं सांगतात.

फार जुना काळ. गुरुजी अक्षरांचे उस्ताद. इकडे सुंदर अक्षर काढण्यात लोक जन्म घालवायचे. शाईसाठी काजळीची वडी चंदनासारखी उगाळायची. शेळीच्या केसांचा कुंचला ताठ उभा धरायचा, कोपर अधांतरी, तळहातात अंडं मावेल एवढी पोकळी. आडवी रेघ ओढायची तर कुंचला आधी जरासा मागे न्यायचा, मग पुढे. आणि एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. चुकली तर चुकली.

गुरुजींचं नाव होतं ते पकडीसाठी. शिष्य लिहीत असला की ते चोरपावलांनी मागून जायचे आणि त्याचा कुंचला खस्सकन ओढायचे. सुटला, तर पकड कच्ची. मुठीतून सरकलेल्या कुंचल्याच्या शाईनं तळवा काळा, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात. गुरुजींचा स्वतःचा कुंचला मात्र कोणालाच काढता आला नव्हता.

त्यांच्या मुलीलाही नाही. तिचं नाव लान. आई लवकर गेलेली, घरात बापलेक दोघंच. लान रोज श्वास रोखून मागून यायची आणि कुंचल्याला लटकायची. खरोखर लटकायची, पाय जमिनीपासून वर. कुंचला हलायचा नाही.

"बाबा, ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी गोड गोळे करायचे. तुम्ही स्वतः."

"आधी सुटू तर दे."

गोड गोळे म्हणजे तांदळाचे, आत तिळाचं सारण. उकडीचे मोदकच समजा, फक्त नाक नसलेले. गुरुजींचा स्वयंपाक पेजेपुढे गेला नव्हता, त्यामुळे हरणं त्यांना परवडणारं नव्हतं.

एका थंडीत लान तापानं पडली. बरेच दिवस उठली नाही. मग एका सकाळी भिंत धरत धरत आली आणि मागून कुंचला ओढला. ओढला म्हणजे काय, नुसता हात लावला. गुरुजी नेमकी एक लांब रेघ ओढत होते. सवयीनं त्यांची बोटं आवळली.

"सुटत नाही हो," ती म्हणाली.

"उद्या बघू. जा, पड जरा." त्यांनी रेघेवरून नजर काढली नाही.

ती जाऊन पडली. संध्याकाळपर्यंत गेली.

रेघ, म्हणे, अप्रतिम आली होती.

त्यानंतर गुरुजी या दगडाशी येऊन बसायला लागले. कागद पसरायचे, आणि कुंचला इतका सैल धरायचे की माशी बसली तरी पडावा. लिहीत राहायचे, कान मागे लावून. साहजिकच अक्षरं भरकटली. एक डावीकडे झोपलेलं, दुसरं त्याच्या अंगावर. जुने शिष्य शरमेनं एकेक करून निघून गेले.

तेवढ्यात बादशहाचा सुभेदार गावात आला. कागद बघून तो मटकन खालीच बसला. असं अक्षर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, ही कोणती शैली?"

"वाट बघतोय," गुरुजी म्हणाले. "तुम्ही जरा बाजूला व्हा. मागची जागा अडते."

सुभेदारानं राजधानीत कळवलं की नवी शैली सापडली आहे, तिचं नाव वाट बघण्याची शैली. झालं. सगळा देश सैल हातानं लिहायला लागला. मोठमोठ्या कारकुनांचे कुंचले हुकूमनाम्यांवर गळून पडायचे, आणि डाग जितका मोठा तितका अधिकारी वरचा. गुरुजींना मानाचं रेशीम आलं. त्यांनी ते गुंडाळून ठेवलं. शिकायला आलेल्यांना ते एवढंच सांगायचे, "पुढे बसा. मागे कोणी बसू नका."

अशी वर्षं गेली. गुरुजी म्हातारे झाले. आणि एका सकाळी, लिहिता लिहिता, त्यांच्या हातातून कुंचला मागे ओढला गेला. खस्सकन. तळवा काळा.

इथे दोन मतं आहेत. काही म्हणतात, मागे कोणीच नव्हतं. काही म्हणतात, शेळी होती. कुंचला शेवटी शेळीच्याच केसांचा, तिनं आपला माल परत नेला. समोरचा एक शिष्य काही सांगायला तोंड उघडणार, तोच गुरुजींनी काळा तळवा वर केला.

"कोणी काही सांगू नका."

त्यांनी वळून बघितलं नाही. बघितलं असतं आणि शेळी असती, तर?

समोर तळ्याकडे बघतच ते म्हणाले, "सुटला गं."

मग घरी गेले आणि गोळे केले. अर्धे फुटले, सारण पाण्यात गेलं. दोन वाट्या भरल्या, एक पुढ्यात, एक पाठीमागे. स्वतःची संपवल्यावर हात मागे नेऊन दुसरी चाचपली. रिकामी होती, म्हणे. शेळी घरापर्यंत आली असेल, असंही म्हणतात.

गुरुजींनी पुन्हा शाईला हात लावला नाही. पाण्यानं लिहायचे. कागदावरची रेघ परत गिरवता येत नाही, पाण्याची उडून जाते आणि उद्या तीच नव्यानं ओढता येते, असं म्हणायचे.

म्हणून आजही इथे पाण्यानंच लिहितात. आजही शेळीला दावं बांधत नाहीत. येणारं माणूस कोणाच्या रूपात येईल सांगता येत नाही, ते अडू नये.

आता गोष्टीचं मोल द्या. काका, पाकीट आत ठेवा, इथे ते चालत नाही. हा कुंचला घ्या, बुडवा. एक आडवी रेघ ओढायची, आधी जरा मागे, मग पुढे. तुम्ही कोणाला 'उद्या बघू' म्हणाला होतात, ते मला सांगू नका. मागेही बघू नका.

काका, फार घट्ट धरलाय. सोडा जरा.