चिठ्ठी आहे का?

“चिठ्ठी मागितली, यात माझं काय चुकलं, आक्का?”

श्रीरंग उभ्यानेच विचारत होता. चपला काढल्या होत्या, पण बसला नव्हता.

गोदाक्का ओसरीवर भिंतीला टेकून वाती वळत होती. तिने वर पाहिलं नाही.

मी मठात पाणी भरतो, अंगण झाडतो. त्या दिवशी अंगणात केरसुणी बांधत बसलो होतो. कानावर आलं तेवढं सांगतो.

गोदाक्का पाच गावांची सुईण. हात थरथरायला लागले तेव्हा तिने ते काम सोडलं आणि नदीकाठच्या या मठात येऊन राहिली. तिला गादीवर कोणी बसवलं नाही. लोकच तिच्यापुढे येऊन बसू लागले.

तिची एक रीत होती. बाळंतिणीच्या अंगाला हात लावण्याआधी ती तिचं माहेरचं नाव विचारायची. आमच्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात. दहा वर्षांत ते जुनं नाव घरात कोणाला आठवतही नाही. आक्का कळा सुरू असताना त्याच नावाने हाक मारायची.

श्रीरंगची नाळ तिनेच कापली. लहानपणी तो तिच्यामागे फिरून झाडपाला शिकला. पुढे शहरात जाऊन औषधांचं शिकला आणि फाट्यावर मेडिकल टाकलं. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. तो नाही म्हणत नाही.

“बस आधी,” आक्का म्हणाली.

“बसतो. पण सांग तू. गावभर झालंय, श्रीरंगने बाईला परत पाठवली.”

“पाठवलीस का?”

“पाठवली. पाळणा लांबवायच्या गोळ्या मागत होती. मी विचारलं, चिठ्ठी आहे का? नाही म्हणाली. मग नाही दिल्या.”

“त्या गोळ्यांना चिठ्ठी लागते?”

श्रीरंग जरा घुटमळला.

“तिने मागितली त्या साध्या गोळीला नाही लागत. दुसरं कोणी देईलही. पण माझ्याकडे लागते. मी पाटी लावलीय. लाल अक्षरात.”

“का रे?”

“का म्हणजे? शेंगदाणे आहेत का ते, आक्का? कोणीही यावं आणि मूठ भरून न्यावं? एखादीचा रक्तदाब वाढलेला असतो. एखादीला अर्धशिशी असते. एखादीचं मूल अंगावर पीत असतं. बघायला नको कोणी? मी अशीच दिली आणि उद्या काही झालं तर?”

“कोणाला?”

“काय कोणाला?”

“काही झालं तर... कोणाला?”

श्रीरंग खाली बसला.

आक्काने वात बोटांवर फिरवली. “गोळी म्हणजे शेंगदाणा नाही. ते बरोबर बोललास.”

त्याचा चेहरा उजळला. “तेच म्हणतो मी! शिकलेला माणूस असा विचार करतो. बाकीच्यांना काय, गल्ला भरला की झालं.”

बोलता बोलता त्याने खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि तिच्यासमोर ठेवली. दर महिन्याला ठेवायचा तशी.

“ही कशाची रे?”

“तुझी नेहमीची. रक्तदाबाची.”

“याला चिठ्ठी लागते?”

“लागते की.”

“मग माझी चिठ्ठी कुठे आहे?”

श्रीरंग हसला. “आक्का, तुझी कसली चिठ्ठी! तू घरातली.”

आक्काने हात मागे नेला. कोनाड्यातला गोडेतेलाचा जुना डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि डबा ओसरीवर पालथा केला.

पाकिटं खळखळत पडली. सगळी भरलेली. एकही गोळी काढलेली नव्हती.

श्रीरंगचं हसू तिथंच थांबलं.

“हे... आक्का, हे कधीपासून?”

“संक्रांतीपासून. घेतली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा पाणवठ्यावर पडले. मग सोडली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस?”

...

नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं.

“दर महिन्याला येतोस,” आक्का म्हणाली. “गोळ्या ठेवतोस, पाया पडतोस आणि जातोस. तिला चिठ्ठी विचारलीस, मला तेवढंही विचारलं नाहीस.”

श्रीरंगने एक एक पाकीट उचलून डब्यात भरलं. मान वर केली नाही.

“म्हणजे चिठ्ठी पाहिजे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझ्याकडेही मागायला पाहिजे होती. उलट माझंच खरं ठरलं.”

आक्काने वाती बाजूला सारल्या.

“माझ्याकडेही बायका यायच्या, रंगा. तुझा जन्मही नव्हता तेव्हा. परसातून यायच्या, तोंडावर पदर घेऊन. पोट पाडायची मुळी मागायच्या. मी द्यायची. चिठ्ठी नाही, पाटी नाही. एक अक्षरही विचारायची नाही.”

हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माझा हात थांबला.

“का नाही विचारायचीस?”

“वाटायचं, नाव विचारलं तर लाजून परत जाईल. आणि विहीर काही लांब नसायची.”

तिने घाटाकडे बघितलं.

“एक अशीच आली. पदराआडून हात पुढे केला. मी मुळी ठेवली. चौथ्या दिवशी या घाटावर सरण रचलं, तेव्हा मला कळलं ती कोण. पाचवा महिना होता तिला. मी पोटाला हातही लावला नव्हता. लावला असता तर दिली नसती.”

श्रीरंगने डब्याचं झाकण लावलं. फार हळू लावलं.

“तेव्हा चिठ्ठीची रीत असती तर...”

“चिठ्ठी द्यायला पंचक्रोशीत कोण होतं तेव्हा?” आक्का म्हणाली. “विचारायला मी होते.”

...

“मग आता मी काय करू?” श्रीरंगचा आवाज चढला. चिडला होता की घाबरला होता, कळलं नाही. “न विचारता देऊ नको म्हणतेस. चिठ्ठी मागू नको म्हणतेस. देऊ की नको, ते तरी एकदा सांग!”

“ती बाई दिसायला कशी होती?”

“कोण?”

“तू परत पाठवलीस ती.”

श्रीरंग आठवू लागला. “पदर होता डोक्यावर. गर्दी होती गं. लक्ष नाही राहिलं.”

आक्काने मान वळवली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. श्रीरंग आला त्याच्या आधीपासून.

“झाले का गं तांदूळ?”

“होत आले, आक्का,” ती म्हणाली. मग श्रीरंगकडे बघत म्हणाली, “तुम्ही लई मोठ्याने विचारलंत, दादा.”

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

ती घुल्यांची धाकटी सून. नवरा ट्रकवर असतो.

“शेजारच्या पानटपरीवर माझा दीर उभा होता,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत, चिठ्ठी आहे का. त्याने विचारलं, कसली चिठ्ठी. मी घरी पोचायच्या आत सासूला माहीत झालं.”

“मला काय ठाऊक, दीर आहे म्हणून...”

“तीन मुली आहेत मला. धाकटीच्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या. तीन वर्षं थांब, नाहीतर जिवावर येईल, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासूच्या समोर सांगितलं. सासू म्हणाली, बरं. बाहेर आल्यावर म्हणाली, पुढचा मुलगाच होणार.”

सूप तिने मांडीवरून खाली ठेवलं.

“तालुक्याला जायचं तर सासू बरोबर येणार. चिठ्ठी कशी आणू? तुमचं दुकान चालत जाण्यासारखं आहे, म्हणून तुमच्याकडे आले. पुढच्या महिन्यात ते घरी येतील. आक्काला म्हटलं, मुळी तरी देऊन ठेव. दिवस राहिले तर उपयोगी पडेल.”

“आणि आक्का काय म्हणाली?” श्रीरंगने विचारलं.

“म्हणाली, आधी तांदूळ निवड.”

मला हसू आलं. श्रीरंगला आलं नाही.

“वहिनी, तुम्ही उद्या दुकानात या,” तो म्हणाला. “मी देतो.”

“पुन्हा त्या पाटीखाली?”



“आणि असंच देणार?” आक्काने विचारलं. “डब्यात भरायला?”

श्रीरंगने तोंडावरून हात फिरवला. “असंच नाही. डोकं दुखतं का, पोटऱ्या सुजतात का, धाकटीचं अंगावरचं सुटलं का, पाळी कधी आली... सगळं विचारलं पाहिजे. रक्तदाब बघायला पाहिजे.”

“हे सगळं तुला येतं?”

“येतं की. परीक्षेला होतं.”

“यंत्र आहे?”

“आहे. कपाटात आहे, काचेत.”

“काचेत कशाला?”

“विकायला.”

आक्का त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

श्रीरंग उठला. चपला घालायलाही विसरला. फटफटीचा आवाज फाट्याकडे गेला. बाईने सूप पुन्हा उचललं. आक्का वाती वळू लागली. मी केरसुणी बांधून संपवली आणि दुसरी घेतली.

तो परत आला तेव्हा घामाने भिजला होता. एका हातात यंत्राचं खोकं होतं. दुसऱ्या हातात ती लाल अक्षरांची पाटी, दोरीसकट.

पाटी त्याने भिंतीला उलटी टेकवली. “तिचं काय करायचं ते नंतर बघू,” स्वतःशीच म्हणाला.

खोक्यावर किमतीचा कागद अजून चिकटलेला होता. त्याने यंत्र काढलं, पट्टा मोकळा केला आणि आक्कापुढे बसला.

“आधी तुझा बघतो, आक्का. इतके महिने गोळी नाही. मला भीती वाटते. आणि अंधारी येते ते मोठ्या डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेऊ.”

“माझा नंतर बघ. मी कुठे पळून जाते?” तिने बोट दाखवलं. “तिला घरी स्वयंपाक आहे.”

श्रीरंग उठून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. बाईसमोर जमिनीवर बसला. पानटपरी नव्हती, काउंटर नव्हता. मधे फक्त तांदळाचं सूप होतं. तेही तिने सरकवलं.

“काही त्रास असेल तर मी गोळी देणार नाही हां,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. “मग दुसरा मार्ग बघू. नर्सबाईंना मी स्वतः इथे घेऊन येतो. सासूबाईंना कळायचं कारण नाही.”

तिने मान हलवली. बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला.

श्रीरंगने पट्टा उचलला.

“हं, वहिनी, रक्तदाब कधी...”

“रंगा,” आक्का म्हणाली.

तो थांबला. पट्टा तसाच हातात राहिला.

“काय, आक्का?”

ती वातींवरून नजर न उचलता म्हणाली,

“आधी तिचं माहेरचं नाव विचार.”