सहा किताबांची कपात

टेकडगावच्या महाराजांना दहा किताब होते. दहाच्या दहा ऐकल्याशिवाय स्वारी गादीवर टेकत नसे. ललकारी द्यायचा गेनू भालदार, पगार दहा रुपये. त्यातून दिवाणजींनी तीन रुपये कर, दोन म्हातारपणाचा फंड, एक आजारपणाचा फंड कापला आणि चार टेकवले.

बायकोनं गेनूला उंबऱ्यातच अडवलं. "सहा रुपये कुणाच्या घशात घातलेत? ते आणल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही!"

गेनू उलट पावली दिवाणजींकडे गेला. दिवाणजी मिशीत हसले. "अरे, पगार दहाच आहे. हातात चार पडतात, एवढंच!"

दुसऱ्या दिवशी गेनूनं ललकारी ठोकली, "शत्रुमर्दन, प्रजापालक, रणधुरंधर, लाडूभास्कर महाराज येताहेत होऽऽ!" आणि तोंड मिटलं.

महाराज लालबुंद. "बाकीचे सहा कुठे?"

"सरकार, किताब दहाच आहेत. कानावर चार पडतात, एवढंच! तीन करात गेले, एक आजारपणाला ठेवलाय, दोन म्हातारपणी व्याजासकट मिळतील."

"म्हातारपणी कशाला? मला आजच हवेत!"

"आमची कारभारीण अगदी हेच म्हणते, सरकार!"

महाराजांनी दिवाणजींकडे असं पाहिलं, की सहा रुपये तिथल्या तिथं सुटले. संध्याकाळी उंबऱ्यात बायकोनंच गेनूच्या नावानं ललकारी दिली. तिचे लाडाचे किताब मात्र इथं लिहिण्यासारखे नाहीत.