तपासणीला गेलेली बाटली

शहराबाहेर इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी मागाहून आलं, त्या काळची गोष्ट. तिथल्या एका स्वयंपाकघरात थोरला कुकर नांदत होता. नळाला बोअरचं पाणी यायचं, ते भारी जड. सात शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ कच्चीच राही.

एके दिवशी भांड्यांनी सभा भरवली.

"कुकर आता थकला," पातेलं म्हणालं.

"दोष पाण्याचा आहे," कुकर म्हणाला. "हवं तर साबणाला विचारा."

"मलाही फेस येत नाही," साबण म्हणाला.

"तू मुळातच आळशी," कळशी म्हणाली.

शेवटी नळाचं पाणी तपासायला पाठवायचं ठरलं. काम बाटलीकडे आलं. नळाच्या तोंडावरचे पांढरे थर बघून बाटली संकोचली.

"परक्यांपुढे असलं पाणी न्यायचं? घराची अब्रू जाईल!" असं म्हणून ती फिल्टरखाली जाऊन उभी राहिली आणि तिने स्वतःला काठोकाठ भरून घेतलं.

"पण मी त्या पाण्यात डाळ कधी शिजवली?" कुकरने विचारलं.

"मध्ये बोलू नकोस," पातेलं म्हणालं. "तुझीच चौकशी चालली आहे."

अहवाल आला: पाणी उत्तम. तो फ्रिजच्या दारावर लावला आणि कुकरला माळ्यावर टाकलं.

नवा, चकचकीत कुकर आला. पहिल्याच दिवशी त्याच्या नऊ शिट्ट्या झाल्या. माळ्यावर जुन्या कुकरने त्या मोजल्या, आणि कोणी न सांगताच जरा सरकून शेजारी जागा करून ठेवली.