पाटावर बसलेली मोटार

हिंदुरावमहाराजांच्या नव्या मोटारीखाली मांजरसुद्धा शिरत नव्हतं, आणि महाराजांचा हट्ट असा की ड्रायव्हर शिदोबाने शिरावं!

मोटार शर्यतीची. लाल, लांबलचक आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. उद्या शेजारच्या राजेसाहेबांशी शर्यत ठरलेली, आणि आज मोटारीच्या पोटातला बोल्ट ढिला होऊन राजवाड्याच्या चौकात तेल टपकत होतं. बोल्ट आवळायचा तर मोटार उचलायला हवी. लॉरीचा जॅक आणला, तर तो मोटारीच्या पोटापेक्षा उंच! तरी दोघा नोकरांनी तो रेटून पाहिला आणि लाल रंगावर हा लांब ओरखडा पाडून ठेवला. बुटका जॅक विलायतेहून मागवावा, तर तो यायला दिवाळी उजाडणार.

"विटा!" दिवाण त्रिंबकपंत ओरडले. त्यांना नेहमी असंच काहीतरी सुचायचं.

तालमीतल्या पैलवानांनी दात-ओठ खाऊन मोटार उचलली, पंतांनी खाली विटांचे ढीग सरकवले. दोन पैलवान कंबर धरून जागीच बसले.

"शिदोबा, हो खाली!" महाराजांनी फर्मावलं.

शिदोबाची लेक सगुणा मुदपाकखान्यात कामाला होती. पंगतीचे पाट मांडायचं काम तिचं. डोक्यावर पाटांची चळत घेऊन ती चौकात आली, तो बापाचं डोकं मोटारीखाली चाललेलं!

"थांबा बाबा! दिवाणजी, आधी तुमची पगडी सरकवा की खाली."

"माझी पगडी? अगं, खास पुण्याहून आणवली आहे!"

"मग माझे बाबा काय बाजारात मिळतात होय?"

महाराज खुदकन हसले. "घाला हो पंत, घाला पगडी!"

पंतांनी तोंड कसनुसं करून पगडी सरकवली. ती खाली गेली मात्र, विटांतून कर्र असा आवाज आला, विटांचा भुगा झाला आणि मोटार धाडकन खाली बसली. पगडी ओढून काढली तेव्हा तिचा पापड झाला होता. शिदोबा घाम पुसत लेकीच्या मागे जाऊन उभा राहिला.

महाराज मात्र मोटारीवरचे पैलवानांचे तेलकट पंजे बघत होते. त्यांचा पारा चढला.

"बस्स! आता माझ्या मोटारीला कुणी हात लावायचा नाही! लोखंड लावायचं नाही! खजिन्यातून दमडी मिळणार नाही! पंगत बसायच्या आत मोटार उचला, नाहीतर पुन्हा विटा लावा आणि खाली शिदोबा!"

"मग खड्डा खणू या, सरकार," पंत म्हणाले.

"ही फरशी आमच्या आजोबांनी बसवली आहे! तुम्हालाच पुरू का तिच्याखाली?"

सगुणाने डोक्यावरची चळत खाली ठेवली आणि ती मुदपाकखान्याकडे पळाली. येताना आचाऱ्यांकडून आणखी पाट उचलून आणले. चांदीच्या फुल्यांचे पाट तिने बाजूला सारले, कारण त्यावरून चाक घसरलं असतं. पैलवानांच्या पंगतीचे जाडजूड सागवानी पाट तेवढे घेतले. मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांसमोर तिने ते पायऱ्यांसारखे रचले. खाली लांब, वर आखूड, आणि सगळ्यात वरच्या पाटाच्या पुढच्या कडेला एक आडवी फळी, चाक पुढे पडू नये म्हणून. पाट हलू नयेत म्हणून काथ्याने आवळून बांधले.

"मोटारीला जेवायला वाढतेस काय गं?" महाराजांनी विचारलं.

"पाहुणीच आहे ना, सरकार! पण पाहुण्याला कुणी उचलून पाटावर बसवतं का? पाहुणा आपल्या पायांनी येऊन बसतो. आपण फक्त 'या, बसा' म्हणायचं."

महाराज टुणकन मोटारीत बसले. त्यांनी पायाच्या अंगठ्याने पेडल दाबलं, इंजिन घुर्रर्र झालं, पुढची चाकं एकेक पायरी चढली आणि सगळ्यात वरच्या पाटावर ऐटीत बसली. महाराजांनी ब्रेक ओढला. सगुणाने मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोकल्या. मोटारीच्या पोटाखालीही पाटांची चळत लावली, वर जुनी गोधडी घालून.

"आता शिदोबा..."

"आता तुमची पगडी, सरकार."

महाराजांनी डोक्यावरची पगडी चाचपली. महाराजांच्या पगडीला मोत्यांचा तुरा होता! पण पंतांची पगडी गेलेली, आता माघार कशी घेणार? महाराजांनी उतरून स्वतःच्या हाताने पगडी खाली सरकवली आणि ते पुन्हा मोटारीत बसले. मग सगुणा म्हणाली, "आता बसल्या जागी नाचा!"

महाराजांनी शेजारी पंतांना ओढून बसवलं आणि दोघं गादीवर दणादण उड्या मारू लागले. पंतांच्या जिभेला दात लागले, पण मोटार जागची हलली नाही. पगडीचा एक मोतीसुद्धा वाकडा झाला नाही. तेव्हा कुठे सगुणाने बापाला वाट दिली. शिदोबा सरपटत आत गेला, बोल्ट आवळला आणि शीळ घालत बाहेर आला.

"हे चालायचं नाही!" पंत जीभ चोळत म्हणाले. "हात लावायचा नाही म्हणून सरकारांचा हुकूम होता. मोटार उचलली गेली, म्हणजे कुणीतरी उचललीच असणार! कोणी उचलली, बोल!"

"सरकारांनी!" सगुणा म्हणाली. "आणि हात कुठे लावला? सगळ्या तालमीला जी पेलली नाही, ती सरकारांनी नुसत्या पायाच्या अंगठ्याने वर नेली!"

महाराजांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग पैलवानांकडे पाहिलं. आणि असे खदखदून हसले की कंबर धरून बसलेले पैलवानही हसू लागले. मग महाराजांनी मोत्यांच्या तुऱ्याची पगडी उचलून शिदोबाच्या डोक्यावर ठेवली, सगुणाला अख्ख्या मोटारखान्याची कारभारीण केलं आणि भूक लागल्याचं आठवून म्हणाले,

"चला, पाट काढा, पंगत बसवा!"

"काहीतरीच काय, सरकार! पाटावर बसलेल्या पाहुणीला उपाशी उठवायचं?"

"खरंच की! पंत, धावा! पाहुणीला आधी पेट्रोल वाढा!"