करकोच्याची मान

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात सुगी आटोपली की सोंगांची फेरी निघे. कुणी वाघ होई, कुणी अस्वल. हा कुणाचा धंदा नव्हता. ज्याला हौस, त्याने आपलं सोंग आपल्या हाताने करायचं. रीत मात्र एक होती: पाच सोंगं जमल्याशिवाय ढोल वाजवायचा नाही.

या कामात म्हातारा विणकर सगळ्यांचा गुरू. त्याचा वाघ पाहून गावातली कुत्रीसुद्धा शेपूट घालत. पण एका वर्षी सोंगं भरली चारच, आणि तो दोष विणकराचाच होता. आदल्या वर्षी एका हौशी कुंभाराचं माकड ओबडधोबड झालं, म्हणून याने ते स्वतःच मोडून नव्याने घडवलं. गावाने वाहवा केली. कुंभार मात्र "ते माझं कुठे होतं?" म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही.

अशात एक तेलीण विणकराच्या दारात आली. तिला करकोचा व्हायचं होतं. म्हातारा हरखला. त्याने तिला बांबूच्या कामट्या दिल्या, चिंचोक्यांची खळ शिजवायला शिकवली, जुन्या कापडाचे थर त्या खळीने कसे चिकटवायचे तेही दाखवलं.

पण तेलीण भारी उतावळी. पहिला थर वाळायच्या आत तिने दुसरा चढवला, त्यावर तिसरा. करकोच्याची मान दुधी भोपळ्यासारखी लोंबू लागली. फेरी चार दिवसांवर आली होती. तिने ती मान विणकरापुढे ठेवली.

"आबा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्हीच करून द्या."

विणकराचे हात शिवशिवले. त्याला ते एका सकाळचं काम. आणि ही घरी बसली तर ढोल वाजणार नाही, हेही त्याला कळत होतं. पण त्याला कुंभार आठवला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"आत बोट घालून बघ. काय लागतंय?"

"ओलं आहे."

"मग आता काय करशील?"

तेलणीने वरच्या थराची कड नखाने उचकटून पाहिली. मग म्हणाली, "वरचे थर सोलते. एकेक थर कडक वाळवते. पण चार दिवसांत दोनच होतील. मान वाकडी राहील."

"राहू दे. पाण्यात मासा शोधणाऱ्या करकोच्याची मान ताठ कुठे असते?"

फेरीच्या दिवशी ढोल वाजला. तेलीण वाकड्या मानेने मासे शोधत नाचली आणि पोरं खिदळत तिच्या मागे धावली. हे कुणी केलं, असं कुणीतरी विचारलं. "मी केलं," ती म्हणाली. विणकराला रडू आलं, पण वाघाच्या मुखवट्याआड डोळे पुसता येईनात.

दुसऱ्या दिवशी तो कुंभाराच्या घरी गेला आणि चुकलो म्हणाला. पुढच्या वर्षी कुंभार परतला, तेलणीने आपल्या दोन जावांनाही हाताशी धरलं. काही वर्षांनी विणकर अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या दारावरून ढोल वाजत फेरी गेली, तीत अकरा सोंगं होती.

तात्पर्य: शिकवणाऱ्याने आपला हात आवरला, तरच शिकणाऱ्याचा हात बसतो.