ठुमीच्या आईचा वाळा

बांधाखाली एक बीळ. बिळात उंदीरआई आणि तिची दोन पिल्लं. मोठी ठुमी. धाकटा गोंडू.

आईच्या पायात चांदीचा वाळा होता. वाळ्याला दोन घुंगरं. आई दाणे घेऊन यायची. वाळा वाजायचा, रुणझुण रुणझुण. गोंडू आ करायचा. आई घास भरवायची.

एकदा आई आजारी पडली. फार आजारी पडली. आणि मग आई गेली. पुन्हा आली नाही. वाळा तेवढा मागे राहिला.

ठुमीला वाटलं, वाळा तरी टिकला पाहिजे. आई कैऱ्या मिठात ठेवायची. कैऱ्या वर्षभर टिकायच्या. म्हणून ठुमीनं वाळा मिठात ठेवला. वर झाकण लावलं. पोर शहाणी, पण लहानच ती. चांदीला मीठ चालत नाही, हे तिला कोण सांगणार?

चार दिवस गोंडू अर्धा अर्धा दाणा खायचा. पाचव्या दिवशी तेवढाही खाईना.

"लुनझुन कुते?" गोंडू म्हणाला. "लुनझुन नाही, तल मी जेवनाल नाही."

ठुमीनं झाकण काढलं. वाळा काळाकुट्ट. घुंगरांत मीठ घट्ट बसलेलं. हलवला, वाजेना. पुन्हा हलवला, वाजेना. पण ठुमी रडली नाही. गोंडू बघत होता ना.

आई सणासुदीला वाळा रिठ्याच्या फेसात धुवायची. ठुमीला आठवलं. वाळा गळ्यात अडकवून ती निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत रिठ्याचं झाड.

"झाडदादा, झाडदादा, रिठे दे.
झाड रिठे देईल, वाळा उजळेल.
वाळा वाजेल, गोंडू जेवेल."

झाड म्हणालं, "माझी मुळं सुकली. आधी पाणी आण. मग रिठे देईन."

ठुमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पुढे विहीर.

"विहीरआजी, विहीरआजी, पाणी दे.
विहीर पाणी देईल, झाड रिठे देईल.
झाड रिठे देईल, वाळा उजळेल.
वाळा वाजेल, गोंडू जेवेल."

विहीर म्हणाली, "पोहरा आहे, पण दोर तुटलाय. आधी दोर आण. मग पाणी देईन."

ठुमी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पुढे तान्हूमावशीचं घर. मावशी गावाचे दोर वळायची. आज नुसतीच बसली होती.

"तान्हूमावशी, तान्हूमावशी, दोर वळ.
मावशी दोर वळेल, विहीर पाणी देईल.
विहीर पाणी देईल, झाड रिठे देईल.
झाड रिठे देईल, वाळा उजळेल.
वाळा वाजेल, गोंडू जेवेल."

मावशी म्हणाली, "वळते की गं बाय. पण कशाचा वळू? अंबाडीचे धागे न्हाईत. आधी धागे आण. मग दोर वळीन."

बघा, एकाला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा. ठुमीचे इवले पाय दुखायला लागले. तरी ती निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पुढे माळावर अंबाडीचे धागे वाळत होते.

"अंबाडीताई, अंबाडीताई, धागे दे.
अंबाडी धागे देईल, मावशी दोर वळेल.
मावशी दोर वळेल, विहीर पाणी देईल.
विहीर पाणी देईल, झाड रिठे देईल.
झाड रिठे देईल, वाळा उजळेल.
वाळा वाजेल, गोंडू जेवेल."

अंबाडी चेपल्या आवाजात म्हणाली, "कशी देऊ? माझ्यावर म्हैस बसलीय. आधी म्हशीला उठव. मग धागे देईन."

ठुमीनं वर पाहिलं. केवढी मोठी म्हैस.

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ.
म्हैस उठेल, अंबाडी धागे देईल.
अंबाडी धागे देईल, मावशी दोर वळेल.
मावशी दोर वळेल, विहीर पाणी देईल.
विहीर पाणी देईल, झाड रिठे देईल.
झाड रिठे देईल, वाळा उजळेल.
वाळा वाजेल, गोंडू जेवेल."

म्हैस हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, टप टप, टप टप.

"मला उठवत नाही," म्हैस म्हणाली. "माझं रेडकू गेलं. सगळे म्हणतात, ऊठ. सगळे म्हणतात, चल. जवळ कुणी बसत नाही."

ठुमीनं पुन्हा "ऊठ" म्हटलं नाही. ती म्हशीच्या नाकापाशी जाऊन बसली.

मग हळूच म्हणाली, "माझी आई गेली."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि ठुमी रडली. म्हैसही रडली. ठुमी केवढीशी, म्हैस केवढी. पण दुःख दोघींचं सारखंच.

दोघी खूप वेळ बसल्या. म्हशीनं ठुमीला जिभेनं चाटलं. एकदाच चाटलं, तेवढ्यात ठुमी सगळी भिजली.

म्हैस म्हणाली, "तुझा भाऊ उपाशी आहे ना? मग उठते मी."

म्हैस उठली.
अंबाडीनं धागे दिले.
ठुमीनं ते ओढत नेले, सर सर सर.
मावशीनं दोर वळला, गर गर गर.
मावशी कुरकुरत विहिरीवर आली. पोहरा खाली गेला, धप्प.
विहिरीनं पाणी दिलं, मावशीनं ते झाडाला घातलं.
झाड पाणी प्यालं, गटक गटक.
झाडानं रिठे दिले, टपाटपा टपाटपा.

मावशीनं रिठे ठेचून पाण्यात टाकले. पांढरा फेस आला. ठुमी वाळा जोरजोरात घासायला लागली.

"हळू गं बाय," मावशी म्हणाली. "चांदीला वरखडे पडत्यात. बोटानं चोळ. मग मऊ फडक्यानं पूस."

ठुमीनं हळू चोळलं. काळं गेलं. घुंगरांतलं मीठ विरघळलं. मऊ फडक्यानं पुसलं. आणि वाळा वाजला, रुणझुण रुणझुण.

"आता हा कशात ठेवू, मावशी?" ठुमीनं विचारलं.

"कशात ठेवू नगंस. पायात घाल. वापरातली चांदी लवकर काळी पडत न्हाई."

आईचा वाळा ठुमीला मोठा झाला. मावशीनं धागा गुंडाळून तो बसता केला.

ठुमी घरी निघाली. आता तुरुतुरु नाही, रुणझुण रुणझुण.

बिळातून गोंडू धावत आला. "आई आली, आई आली."

दारात ठुमी उभी. गोंडूनं तिच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आई नाही येणार रे, गोंडू," ठुमी म्हणाली. "मी आले."

गोंडू रडला. खूप रडला. ठुमी त्याला गप्प हो म्हणाली नाही. जवळ बसून राहिली.

मग तिनं पाय हलवला. रुणझुण.

गोंडूनं नाक पुसलं. ठुमीच्या पायाकडे पाहिलं. ठुमीकडे पाहिलं. आणि आ केला.

ठुमीनं घास भरवला.

गोष्ट सरली, घास उरला. आता तूही आ कर बघू.