दोघींच्या नावाचे खाते

एकदा एक स्त्री आपल्या वृद्ध गुरुजींकडे संतापून आली. तिचे नाव शेवंता. मसाला कांडपाचे दुसरे यंत्र घेण्यासाठी तिने मागितलेले कर्ज बँकेने नाकारले होते. हप्ता तिने कधी चुकवला नव्हता. पण तिच्या पतअहवालात तिच्या जावेचे, गोदाचे, नाव जोडलेले होते. सात वर्षांपूर्वी दोघी मिळून पापड करीत, तेव्हाचे ते जोडखाते. पुढे भांडण झाले, चुली वेगळ्या झाल्या, खाते रिकामे पडले. तरी गोदाचे दुसऱ्याच कर्जाचे थकलेले हप्ते आज शेवंताच्या आड आले.

हे गोदानेच मुद्दाम केले, अशी शेवंताची खात्री होती. बँकेतला कारकून गोदाच्या माहेरच्या गावचा. तोही सामील असणार.

गुरुजी आता दूरच्या गावी राहत. प्रौढांच्या वर्गात या दोघींना सही करायला त्यांनीच शिकवले होते. शेवंताला पाहताच त्यांनी दोन पाट मांडले, दोन कप चहा ओतला आणि दाराकडे पाहत विचारले, "गोदा मागून येते आहे ना?"

शेवंता चपापली. म्हणजे गोदा इथेही कान भरून गेली तर.

"तिचे नाव नका काढू, गुरुजी. सात वर्षे तोंड पाहिले नाही तिचे."

गुरुजी सावकाश म्हणाले, "मागल्या खेपेला जोडीने आलात. दोघी मिळून धंदा करतो म्हणालात. वेगळ्या झालो, हे सांगायला कुणी आले नाही. मग मी दोनच पाट मांडणार ना, पोरी? यात माझे कपट नाही. त्या अहवालाचेही नाही. जोडल्याचा कागद तुम्ही दिलात, तोडल्याचा दिलाच नाहीत."

खाते बंद करायला दोघींच्या सह्या लागतील, मग नाव वगळण्याचा अर्ज करता येईल, हेही त्यांनी समजावले.

गोदाच्या दारात जाणे शेवंताच्या जिवावर आले. ती अडवणार, काहीतरी मागणार, हे ठरलेलेच. गोदाने तिला आपादमस्तक न्याहाळले.

"कशावर सही हवी? घर लिहून घेतेस की काय?"

अर्ज तिने तीनदा वाचला, उलटूनही पाहिला. मग म्हणाली, "मला वाटायचे, माझ्यावर नजर ठेवायला तूच ते खाते चालू ठेवलेस."

बँकेत कारकुनाने विचारले, दोघींचा एकत्र व्यवहार थांबला कधी? शेवंता उडदाच्या पिठापासून सगळे भांडण सांगू लागली.

"कारण नको, बाई. तारीख सांगा."

शेवंताला ती आठवेना.

"सोळा फेब्रुवारी," गोदा खाली पाहत म्हणाली. "गुरुवार होता."

महिन्याभराने अहवालातले ते नाव निघाले, कर्जही मंजूर झाले. पण गोदाविषयी आपण किती काय मानून बसलो आणि तिला विचारले काहीच नाही, हे शेवंताला दोघींनी सह्या केल्या त्याच दिवशी, बँकेच्या पायऱ्या उतरताना उमगले होते.